तिसऱ्या आसनावरचा माणूस

गेल्या महिन्यात या सदरात तारांतोच्या हल्ल्याविषयी एक छोटे उत्तर आले होते. ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री ‘इलस्ट्रियस’ या ब्रिटिश विमानवाहू जहाजावरून २१ स्वॉर्डफिश विमाने उडाली, इटलीच्या तारांतो बंदरात नांगर टाकून उभ्या असलेल्या आरमारावर त्यांनी टॉर्पेडो आणि बाँब टाकले, आणि उजाडले तेव्हा तीन मोठ्या युद्धनौका निकामी होऊन पडल्या होत्या, एवढाच त्याचा आशय होता. त्या उत्तरावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. आपल्या खान्देशाला समुद्र नाही. आपली तापी सुरतेच्या पुढे जाऊन समुद्राला मिळते, आणि आपल्यापैकी अनेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुंबईला कामानिमित्त गेल्यावरच. मी मूळचा अमळनेर तालुक्यातला. १९७४ मध्ये नौदलात भरती झालो आणि पुढची पंधरा वर्षे विमानांच्या देखभालीत काढली, म्हणून संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली. सारखे प्रश्न एकत्र करून या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : धातूची वेगवान विमाने असतानाही ब्रिटिश नौदलाने कापड ताणलेले दुपंखी विमान युद्धात का वापरले? त्याला पिशवी असे टोपणनाव होते, हे खरे काय? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : टोपणनाव खरे आहे. तारांतोला गेलेल्या याच स्वॉर्डफिशला नौदलात ‘स्ट्रिंगबॅग’ म्हणत, म्हणजे इंग्लंडमधील बायका त्या काळी बाजारात नेत ती सुतळीची जाळीदार पिशवी. तिच्यात जे घालाल ते मावते. या विमानाच्या पोटाखाली आणि पंखांखाली टॉर्पेडो, बाँब, पाणसुरुंग, पाणबुड्यांवर टाकायचे पाण्याखाली फुटणारे डेप्थ चार्ज आणि पुढे तर रॉकेटेही लावली गेली, त्यावरून हे नाव पडले.

स्वॉर्डफिश पहिल्यांदा उडाले १७ एप्रिल १९३४ रोजी आणि १९३६ मध्ये नौदलाच्या सेवेत दाखल झाले. फेअरी कंपनीने ते तयार केले, पुढे बहुतेक विमाने ब्लॅकबर्न कंपनीने बांधली, आणि दोन्ही मिळून सुमारे २,४०० विमाने झाली. सांगाडा धातूचा, त्यावर कापड ताणलेले, पुढे ६९० अश्वशक्तीचे एकच पेगॅसस इंजिन. मोकळ्या विमानाचा कमाल वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास होता. पोटाखाली टॉर्पेडो अडकवला की तो १६० पर्यंत उतरत असे. त्या वेगाने भुसावळहून मुंबई गाठायला पावणेतीन तास लागले असते.

एवढे संथ विमान का ठेवले, याची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही खरी आहेत. पहिले उत्तर तक्रारीचे आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटापासून १९३९ पर्यंत ब्रिटिश नौदलाची विमाने हवाई दलाच्या अखत्यारीत होती, आणि ज्याची स्वतःचीच निकड मोठी आहे अशा घरात दत्तक मुलाच्या वाट्याला जे येते तेच नौदलाच्या वाट्याला आले. दुसरे उत्तर कौतुकाचे आहे. विमानवाहू जहाजाची धावपट्टी आखूड असते आणि ती वरखाली हलत असते, त्यामुळे अगदी कमी वेगातही हवेत टिकून राहणारे, वैमानिकाच्या चुका पोटात घालणारे विमान तिथे फार मोलाचे ठरते. त्याचे पंख दुमडून जहाजाच्या पोटातील हँगरमध्ये दाटीने ठेवता येत, आणि गोळी आरपार गेली तर कापडाला ठिगळ लावून, वर रोगण चढवून तेच विमान दुसऱ्या दिवशी पुन्हा उडत असे. १९३९ मध्ये जुने मानले गेलेले हे विमान मे १९४५ पर्यंत आघाडीवर राहिले. त्याची जागा घेण्यासाठी आणलेले अल्बाकोर त्याच्या आधीच निवृत्त झाले.

इंजिन सुरू करण्याची पद्धत मात्र आपल्या शेतकरी वाचकांना लगेच समजेल. विहिरीवरचे ऑइल इंजिन हँडल मारून सुरू करताना आधी चाकाला गती द्यावी लागते आणि मग योग्य क्षणी दाब सोडावा लागतो, तसेच येथे होते. दोन मेकॅनिक खालच्या पंखावर चढून इंजिनाच्या कडेला हँडल लावत आणि आतले जड चाक पुरेशा वेगाने गरगरू लागेपर्यंत फिरवत राहत; मग वैमानिक ते चाक इंजिनाला जोडत असे. फरक एवढाच, की हे दोघे पावसाने निसरड्या झालेल्या पंखावर, डोलणाऱ्या डेकवर, अंधारात उभे असत, आणि इंजिन पेटले की पंखा त्यांच्यापासून हातभर अंतरावर फिरू लागे.

प्रश्न : लढाऊ विमानात एक वैमानिक पुरतो, मग टॉर्पेडो टाकणाऱ्या विमानात तीन माणसे कशासाठी? मागे बसणारे दोघे काय करत? (एक शिक्षक, जळगाव)

उत्तर : या प्रश्नासाठी मी आपला आभारी आहे, कारण या विमानाच्या बहुतेक वर्णनांत वैमानिक भेटतो, क्वचित मधला माणूस भेटतो, आणि शेवटचा माणूस शेपटीबरोबरच नजरेआड होतो.

स्वॉर्डफिशमध्ये पुढे वैमानिक, मध्ये ऑब्झर्व्हर आणि मागे टेलिग्राफिस्ट एअर गनर बसत. डोक्यावर छप्पर नव्हते. उत्तर अटलांटिकमध्ये, आणि पुढे रशियाला माल नेणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांबरोबर बर्फाळ समुद्रावरही, हे तिघे दोनदोन, तीनतीन तास उघड्यावरच बसलेले असत. एकमेकांशी बोलायला रबरी नळी होती. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी तिची टोके कानाशी जोडलेली असत आणि बोलणारा दुसऱ्या टोकाच्या तोंडात ओरडत असे.

मधल्या ऑब्झर्व्हरकडे नकाशाची फळी, पेन्सिल, घड्याळ आणि होकायंत्र असे. खाली सगळीकडे पाणीच असताना आपण कोठे आहोत हे सांगायचे त्याचे काम, आणि ते केवळ हिशेबावर चाले. पुरात तापी पोहून जाणारा माणूस समोरच्या काठाकडे तोंड करून हात मारतो, पण लागतो मात्र बराच खाली. विमानाचे वाऱ्यात तसेच होते. ताशी ३० किलोमीटरचा आडवा वारा हिशेबात धरला नाही, तर दोन तासांत विमान ६० किलोमीटर भलतीकडे गेलेले असते. म्हणून ऑब्झर्व्हर पाण्यावर धूर सोडणारे तरंगते नळकांडे टाकी, त्याच्याकडे रोखून विमान किती वाहवते आहे ते मोजी आणि वैमानिकाला नवी दिशा सांगत असे. शिवाय परतायचे ते जहाज एका जागी उभे नसे. निघाल्यापासून तेही पन्नासेक किलोमीटर पुढे गेलेले असे. बिनतारी यंत्र वापरावे तर शत्रूला सुगावा लागे. जहाजाच्या डोलकाठीवर एक फिरते रेडिओ यंत्र असे, ते दिशेदिशेनुसार मोर्स लिपीतील वेगवेगळी अक्षरे प्रक्षेपित करत राही, आणि कानावर कोणते अक्षर पडते त्यावरून जहाज कोणत्या अंगाला आहे ते कळे. २४ मे १९४१ च्या रात्री ‘व्हिक्टोरियस’ या ब्रिटिश विमानवाहू जहाजावरून ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेवर गेलेल्या नऊ विमानांच्या वेळी हेच यंत्र नेमके बंद पडले. त्या पथकातील अनेकजण नवशिके होते, तरी नऊच्या नऊ विमाने अंधारात जहाज शोधून उतरली. माझ्या मते त्या रात्रीचा तो सर्वांत मोठा पराक्रम आहे.

तिसरा माणूस अधिकारी नसे. तो बहुधा विशीतला लीडिंग एअरमन किंवा पेटी ऑफिसर, म्हणजे आपल्या भाषेत साधा नौसैनिक असे. मोर्स यंत्रावर संदेश घेणे आणि पाठवणे, मागून येणाऱ्या शत्रूच्या विमानावर एकाच मशीनगनने गोळ्या झाडणे, आणि ऑब्झर्व्हर नकाशात डोके घालून बसलेला असताना आकाशावर आणि पाण्यावर नजर ठेवणे, ही त्याची कामे. बिनतारी यंत्रासाठी टोकाला वजन बांधलेली लांब तार त्याला रिळावरून विमानाखाली सोडावी लागे आणि उतरण्याआधी आठवणीने गुंडाळून घ्यावी लागे. मशीनगन चालवताना तो उभा राहत असे, तेव्हा विमान वळले तर बाहेर फेकला जाऊ नये म्हणून एका दोराने तो विमानाच्या तळाशी बांधलेला असे. विमान पाण्यालगत उतरून शत्रूच्या जहाजावर चालून जाई तेव्हा वैमानिकाला निदान समोरचे दिसत होते. मागच्या माणसाची पाठ त्या जहाजाकडे असे. आपण कोठे चाललो आहोत ते त्याला दिसत नसे, आपल्या मागे काय लागले आहे ते दिसत असे.

अधिकारी आणि नौसैनिक यांची ही वाटणी नेहमीच अशी राहिली, असेही नाही. १३ एप्रिल १९४० रोजी नॉर्वेतील नार्विकजवळ ‘वॉरस्पाइट’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या, पाण्यावर उतरू शकणाऱ्या स्वॉर्डफिशने यू-६४ ही जर्मन पाणबुडी बाँब टाकून बुडवली. त्या विमानाचा वैमानिक राइस हा पेटी ऑफिसर होता, ऑब्झर्व्हर ब्राउन हा लेफ्टनंट कमांडर, आणि मागे लीडिंग एअरमन पेसी. विमानातील सर्वांत वरिष्ठ अधिकारी त्या दिवशी मधल्या आसनावर होता.

तारांतोच्या रात्री मात्र तिसरा माणूस जहाजावरच राहिला. अंतर मोठे होते, त्यासाठी पेट्रोलची जादा टाकी बसवायची होती आणि टॉर्पेडोवाल्या विमानांत तिला जागा फक्त मधल्या आसनावर होती. मग ऑब्झर्व्हर मागे सरकला आणि टेलिग्राफिस्टला उतरवले. त्या हल्ल्यात दोन विमाने पडली. एका विमानातील विल्यमसन आणि स्कार्लेट कैद झाले, दुसऱ्यातील बेली आणि स्लॉटर मारले गेले. जहाजावर राहिलेल्या टेलिग्राफिस्टांनी ती रात्र डेकवर परतणारे दिवे मोजत कशी काढली असेल, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

प्रश्न : टॉर्पेडो विमानातून पाण्यात पडल्यावर फुटत का नाही, आणि तो जहाजापर्यंत जातो कसा? (इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, शिरपूर)

उत्तर : टॉर्पेडोला मराठीत पाणतीर असा छान शब्द आहे, पण बाण सुटल्यावर त्याला स्वतःची शक्ती नसते आणि टॉर्पेडोला असते, हे आधी लक्षात घे. तो म्हणजे इंजिन, पंखा आणि सुकाणू असलेली एक छोटी बिनमाणसांची पाणबुडीच. स्वॉर्डफिशचा टॉर्पेडो ४५ सेंटिमीटर जाडीचा आणि सुमारे ७३० किलो वजनाचा, म्हणजे सात क्विंटलांहून अधिक कापसाइतका जड होता, आणि त्यातील स्फोटक पावणेदोनशे किलोंच्या आसपास होते. आत भोवऱ्यासारखा फिरणारा जायरोस्कोप त्याला सरळ ठेवतो आणि पाण्याचा दाब ओळखणारी झडप ठरावीक खोलीवर ठेवते. नाकावर एक छोटा पंखा असतो. पाण्यातून काही अंतर गेल्यावर तो पुरेसे वेढे घेतो आणि तेव्हाच स्फोटाची कळ मोकळी होते. म्हणून तो पाण्यात पडताच फुटत नाही आणि फार जवळून टाकला तर जहाजाला आपटूनही फुटत नाही.

पण नाक खाली करून पडला तर तो खोल बुडी मारतो, आणि फार सपाट पडला तर उसळतो किंवा मोडतो. म्हणून वैमानिकाला पाण्यापासून साधारण १८ मीटर उंचीवर, वेग ठरावीक ठेवून, विमान अजिबात न कलू देता सरळ उडवत न्यावे लागे, आणि नेमक्या त्याच वेळी समोरचे जहाज आपल्या सर्व तोफा त्याच्यावर सोडत असे. तारांतोचे पाणी तर जेमतेम १२ मीटर खोल होते. तेथे टॉर्पेडोच्या नाकाला एक तार बांधून तिचे दुसरे टोक विमानाखालच्या रिळावर ठेवले होते. पडताना ती तार नाक क्षणभर वर ओढून धरी आणि टॉर्पेडो तळाच्या गाळात न रुतता आडवा पाण्यात शिरत असे.

आता गणित पाहा. टॉर्पेडो ताशी ७४ किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे २० मीटर. ९०० मीटर अंतर कापायला त्याला पाऊण मिनिट लागते. तेवढ्या वेळात ताशी ५० किलोमीटरने जाणारे जहाज ६०० मीटर पुढे निघून गेलेले असते. ‘बिस्मार्क’ची लांबी २५१ मीटर होती, तेव्हा तिला मारायचे तर तिच्या नाकापुढे जहाजाच्या दोन-अडीच लांबी सोडून, रिकाम्या पाण्यावर नेम धरावा लागे. यासाठी वैमानिकाच्या समोर पट्टीवर ओळीने छोटे दिवे लावलेले असत. जहाजाचा वेग किती असावा हा अंदाज करून तो त्यातील एक दिवा निवडी आणि तो जहाजावर धरत असे. अंदाज चुकला तर सगळे फुकट जात असे, कारण विमानाकडे दुसरा टॉर्पेडो नसे.

प्रश्न : स्वॉर्डफिश इतके संथ होते की ‘बिस्मार्क’च्या तोफांना त्यावर नेमच धरता आला नाही, असे वाचले. हे खरे आहे का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : ही गोष्ट फार लोकप्रिय आहे आणि ऐकायलाही बरी वाटते, पण त्या दिवशी जे घडले ते नीट पाहिले तर तिची गरज उरत नाही.

२६ मे १९४१ रोजी ‘आर्क रॉयल’ या ब्रिटिश विमानवाहू जहाजावरून दुपारी ‘बिस्मार्क’वर विमाने निघाली. समुद्र इतका खवळलेला होता की धावपट्टीचे टोक पंधरा मीटरहून अधिक वरखाली होत होते. ढग खाली उतरले होते. ढगांतून उतरल्यावर त्यांना एक जहाज दिसले आणि त्यांनी टॉर्पेडो टाकले. ते जहाज त्यांचेच ‘शेफिल्ड’ होते. शेफिल्ड पुढे गेल्याची खबर वैमानिकांपर्यंत पोहोचलीच नव्हती. दैव असे, की टॉर्पेडोंच्या चुंबकीय कळी, म्हणजे जहाजाच्या लोखंडाच्या चुंबकत्वाने स्फोट घडवणाऱ्या कळी, सदोष निघाल्या. काही पाण्याला लागताच फुटले आणि शेफिल्डने उरलेले चुकवले. विमाने परत आली आणि या चुकीतूनच कळी बदलण्याचा निर्णय झाला. संध्याकाळी १५ विमाने पुन्हा गेली, या वेळी आपटल्यावरच फुटणारी साधी कळ लावून. त्यांतील एक टॉर्पेडो ‘बिस्मार्क’च्या मागच्या भागाला लागला, तिचे सुकाणू वळलेल्या स्थितीत अडकले आणि ती गोल फिरू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रिटिश युद्धनौकांनी तिला गाठले.

त्या १५ विमानांपैकी तोफांनी एकही पाडले नाही, हे खरे. पण संधिप्रकाश होता, पाऊस होता, विमाने एकाच दिशेने न येता वेगवेगळ्या बाजूंनी पाण्यालगत येत होती, आणि जहाज स्वतः उंच लाटांत वळणे घेत होते. शिवाय गोळ्या लागल्याच नाहीत असे नाही. एका विमानाला दीडशेहून अधिक भोके पडली होती आणि त्याचा वैमानिक व मागचा गनर दोघेही जखमी झाले होते. कापडाच्या आरपार गोळी जाते, न फुटता. धातूच्या कवचाला तो फायदा मिळाला नसता. संथपणाने संरक्षण मिळत असते तर पुढच्या उत्तरातली घटना घडलीच नसती.

प्रश्न : १९४२ मध्ये इंग्लिश खाडीत सहा स्वॉर्डफिश गेली आणि सहाही पडली, असे एका ओळीत वाचले. त्या माणसांविषयी सांगावे. (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : १२ फेब्रुवारी १९४२ रोजी ‘शार्नहोर्स्ट’, ‘ग्नाइझेनाउ’ आणि ‘प्रिन्झ ऑयगेन’ ही तीन मोठी जर्मन जहाजे फ्रान्समधील ब्रेस्ट बंदरातून निघून भरदिवसा इंग्लंडच्या दाराशी असलेल्या चिंचोळ्या खाडीतून पळत होती. त्यांना अडवायला इंग्लंडमधील मॅन्स्टन विमानतळावरील ८२५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सहा स्वॉर्डफिश तेवढी तयार होती. नेता होता लेफ्टनंट कमांडर यूजीन एस्मंड, नऊ महिन्यांपूर्वी ‘व्हिक्टोरियस’वरून ‘बिस्मार्क’वर नऊ विमाने नेणारा तोच. संरक्षणासाठी पाच स्क्वाड्रन लढाऊ विमाने येणार होती. वेळेवर आली ती दहा स्पिटफायर. एस्मंडने थोडी वाट पाहिली आणि जहाजे हातची जातील म्हणून तो निघाला.

जर्मन लढाऊ विमानांचे थवे वर घिरट्या घालत होते. एस्मंडच्या विमानाच्या शेपटीकडील कापडाने पेट घेतला. त्याचा मागचा माणूस, लीडिंग एअरमन क्लिंटन, आसनातून बाहेर निघाला, घोड्यावर बसतात तसा विमानाच्या पाठीवर बसला आणि हातांनी आग विझवू लागला, असे त्याच लढाईतून वाचलेल्या एका ऑब्झर्व्हरने पुढे सांगितले. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. विमानाच्या त्या भागावर मी पुढे कित्येक वर्षे हात फिरवला आहे. उभ्या विमानावरसुद्धा तेथे पाय ठरत नाही.

सहाही विमाने पडली. एकही टॉर्पेडो लागला नाही. अठरा जणांपैकी पाच वाचले. एस्मंडला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला, वाचलेल्या चार अधिकाऱ्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, आणि वाचलेल्या एकमेव गनरला, डोनाल्ड बन्स याला, नौसैनिकांसाठी असलेले कॉन्स्पिक्युअस गॅलंट्री मेडल. क्लिंटनच्या वाट्याला अहवालातील नामोल्लेख आला. त्या काळच्या नियमांनुसार मरणोत्तर दोनच सन्मान देता येत, एक व्हिक्टोरिया क्रॉस आणि दुसरा हा नामोल्लेख. मधले काही नव्हते. नियम असा होता हे मला मान्य आहे, पण तो न्याय्य होता असे मला वाटत नाही.

प्रश्न : जपान आणि अमेरिकेकडे अशी विमाने होती काय? (दोन वाचक, नंदुरबार आणि यावल)

उत्तर : होती, आणि वेगाच्या बाबतीत पुष्कळ पुढची होती. जपानच्या नाकाजिमा बी५एन विमानातही तीनच माणसे बसत. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर टॉर्पेडो घेऊन गेलेली ४० विमाने याच जातीची होती. त्या संपूर्ण हल्ल्याचे आकाशातील नेतृत्व करणारा मित्सुओ फुचिदा स्वतः विमान चालवत नव्हता. तो अशाच एका विमानात मधल्या आसनावर ऑब्झर्व्हर म्हणून बसला होता.

अमेरिकेचे डेव्हास्टेटर विमान ४ जून १९४२ रोजी मिडवेच्या लढाईत अक्षरशः कापले गेले. ‘हॉर्नेट’ जहाजावरील आठव्या टॉर्पेडो स्क्वाड्रनची पंधरा विमाने गेली, प्रत्येकात दोघे, आणि तीस जणांतून जॉर्ज गे हा एकच वैमानिक वाचला. डेव्हास्टेटरची जागा घेणारे ग्रमन कंपनीचे अ‍ॅव्हेंजर दणकट होते. ती ९,८३९ बांधली गेली. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले जॉर्ज बुश हे त्याचेच वैमानिक. २ सप्टेंबर १९४४ रोजी चिचिजिमा बेटाजवळ त्यांचे विमान पडले. ते पाणबुडीने उचलले गेले, मागचे दोघे परतले नाहीत.

प्रश्न : अशी विमाने आपल्या देशाच्या आसपास कधी आली होती का? आमच्या घरातील वडीलधारी माणसे १९४२ च्या घबराटीविषयी सांगत. (एक वाचक, रावेर)

उत्तर : आली होती, आणि दोन्ही बाजूंची. ५ एप्रिल १९४२ रोजी जपानी आरमाराने कोलंबोवर हल्ला केला. त्याच सकाळी श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमालीजवळून सहा स्वॉर्डफिश टॉर्पेडो घेऊन कोलंबोकडे येत होती. ती नेमकी जपानी झिरो या लढाऊ विमानांच्या तावडीत सापडली आणि सहाही पाडली गेली. खाडीतील घटनेला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी, ६ एप्रिलला, ‘र्‍युजो’ या जपानी जहाजावरील बी५एन विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे बाँब टाकले. आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली घबराट याच आठवड्याची असणार. मद्रास शहरातून तेव्हा लोक मोठ्या संख्येने बाहेर पडले होते.

त्याच एप्रिलमध्ये ‘इंडॉमिटेबल’ आणि ‘फॉर्मिडेबल’ ही ब्रिटिश विमानवाहू जहाजे मुंबई बंदरात आली. त्यांच्यावर स्वॉर्डफिशची धाकटी बहीण म्हणावी अशी अल्बाकोर विमाने होती. या ब्रिटिश आरमाराचे प्रमुख ॲडमिरल सॉमरव्हिल यांचा बेत त्यांच्याच जोरावर जपान्यांना रात्री गाठण्याचा होता, कारण त्यांच्यावर रडार होते आणि दिवसा जपानी लढाऊ विमानांपुढे त्यांचा निभाव लागला नसता. ती गाठ पडलीच नाही. त्या विमानांतील माणसांचे आयुष्य बहुधा त्यामुळेच वाढले.

प्रश्न : भारतीय नौदलाकडे टॉर्पेडो टाकणारी विमाने होती काय? आपण त्यांवर काम केले आहे काय? (एक माजी सैनिक, पाचोरा)

उत्तर : जहाजांवर टॉर्पेडो टाकणाऱ्या विमानांचा काळ आपले नौदल उभे राहीपर्यंत संपत आला होता; नंतरचे टॉर्पेडो मुख्यतः पाणबुड्यांसाठी आले. १९६१ मध्ये ‘विक्रांत’बरोबर आलेले फ्रेंच बनावटीचे अलिझे हे तशा कामाचे विमान. पोटात टॉर्पेडो किंवा डेप्थ चार्ज, नाकाला टर्बोप्रॉप इंजिन, दुमडणारे पंख, आणि माणसे पुन्हा तीनच. ती ३१० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होती आणि १९९१ पर्यंत उडाली.

होय, गोव्यात दाबोळीला मी त्यांवर काम केले. समुद्रावरून परतलेल्या विमानावर मीठ बसते. उन्हात ते पांढरे, बारीक, बोटाला खरखरीत लागते, आणि दोन दिवस तसेच राहिले तर रिव्हेटच्या कडेने धातू फुगू लागतो. म्हणून विमान थांबले की आधी गोड्या पाण्याने धुवायचे. पंखांच्या बिजागऱ्या मी धूत असे आणि मग आत शिरून मागच्या आसनाची जागा पुसत असे. पुढच्या आसनांच्या मानाने ती अंधारी होती. तेथे बसणारा एअरक्रूमन अधिकारी नसे, आमच्यासारखाच नौसैनिक असे, आणि उतरल्यावर तो बहुधा आमच्याच मेसमध्ये जेवायला येत असे. मी स्वॉर्डफिशविषयी वाचू लागलो ते त्यामुळे.

आपण माजी सैनिक आहात म्हणून १९७१ विषयीही लिहितो. ‘विक्रांत’वरील अलिझे त्या डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात होती आणि सी हॉक विमानांबरोबर त्यांनी कॉक्स बाजार व चितगावच्या बाजूला हल्ले केले. पश्चिम किनाऱ्यावरही काही अलिझे टेहळणी करत होती. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांपैकी एकाला पाकिस्तानी स्टारफायटर जेट विमानाने समुद्रावर गाठले. अलिझेचा वेग त्या जेटच्या तुलनेत किती होता, हे आपल्याला सांगायला नको. गोव्यातील नौदल हवाई संग्रहालयात आज एक अलिझे उभे आहे. वास्को किंवा मडगावला रेल्वेने उतरून तेथे सहज जाता येते, आणि शाळेच्या सहली नेणाऱ्या आपल्या शिक्षकांनी ते जरूर पाहावे. त्या दिवशी पडलेल्या विमानात लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट एच. एस. सिरोही आणि एअरक्रूमन विजयन होते. तिघांपैकी कोणीही परत आले नाही.